घोड्याच्या तोंडासमोरून आधी बाजूला व्हा

मंडळी, ऊस, पाणी, खतं यांच्या नोंदी आपण नेहमीच टाकतो. आज विषय जनावराचा आहे आणि जरा कडक लिहिणार आहे. प्रदर्शनांचा आणि जत्रांचा हंगाम तोंडावर आलाय, आणि गेल्या हंगामात रिंगणात जे बघितलं ते परत बघायची माझी तयारी नाही.

प्रश्न एवढाच आहे: घोडा दाखवताना तो धरणाऱ्या माणसानं कुठं उभं राहायचं?

"हा काय विषय झाला व्हय?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना मी एकच विचारतो. गेल्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रदर्शनात जाऊन आला असाल, तर घोड्याचे मागचे पाय तुम्ही नीट बघितले का? पुढून बघितले, मागून बघितले, चालताना बघितले? बघितले नसणार. आपल्याकडं घोडा म्हणजे वर ताणलेली मान, फेसाळलेलं तोंड, आणि त्या तोंडासमोर फेटा बांधून उभा असलेला मालक. पाठ पंचांकडं, तोंड मोबाईलकडं. घोडा त्याच्या मागं कुठंतरी असतो.

ही सवय आली कुठून, यावर माझं मत आहे. आपण बैलवाली माणसं. इचलकरंजीत कर्नाटकी बेंदराला लाकूड ओढायची शर्यत बघत मोठे झालेलो. खिलार धरायचं कसं हे आपल्या हाताला ठाऊक आहे: वेसणीजवळ आखूड पकड, तोंड वर, माणूस डोक्याजवळ. बैलाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. बैलाचं हत्यार पुढं असतं, शिंगं. डोकं ताब्यात आलं की बैल ताब्यात आला. घोड्याचं हत्यार मागं आहे. त्याला वेसण नाही, आणि आखूड धरून तोंड वर ओढलं की तो थांबत नाही, मागं सरकतो नाहीतर उभा राहतो. बैलाची पकड घोड्यावर वापरणारी माणसं नवखी नसतात. चांगली जाणती, हाताला घट्टे पडलेली माणसं असतात. म्हणूनच त्यांना सांगायला कोण धजत नाही.

आता घोड्याला दिसतं काय ते बघा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. ३६० पैकी जवळजवळ ३५० अंशांत त्याला काही ना काही दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: बरोबर कपाळासमोर-नाकाखाली, आणि बरोबर शेपटीमागं. आपला गडी नेमका पहिल्या जागेत उभा राहतो आणि बघ्यांची गर्दी नेमकी दुसऱ्या जागेत. घोड्याच्या पिछाडीला जाऊ नये हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे, पण प्रदर्शनात मांडव घालताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

गेल्या हंगामातलं एक सांगतो. गाव, प्रदर्शन, माणूस कुणाचंच नाव घेत नाही. एक तट्टू रिंगणात होतं. त्याला धरणारा डाव्या बाजूला, गर्दी उजव्या बाजूला मागं. कडेला डीजे सुरू झाला. तट्टू बिचकलं. गड्यानं काय केलं? कुणीही करील तेच. डोकं आपल्याकडं ओढलं, म्हणजे डावीकडं. आता कागदावर काढून बघा: डोकं डावीकडं आलं की पुठ्ठा कुठं जाणार? उजवीकडं. म्हणजे सरळ गर्दीवर. पहिल्या रांगेत शाळेतलं पोरगं होतं. लाथ मांडीवर बसली, हाड वाचलं. चार बोटं वर बसली असती तर आज ही नोंद वेगळी असती. आणि लोक म्हणाले काय, तर "जनावर खोडकर हाय." जनावर खोडकर नव्हतं. माणूस चुकीच्या बाजूला उभा होता. तोच गडी उजव्या बाजूला असता, आणि त्यानं डोकं तसंच आपल्याकडं ओढलं असतं, तर पुठ्ठा मोकळ्या मैदानाकडं गेला असता.

या एका गोष्टीवर जगभर एक साधी पद्धत बसवलेली आहे. अमेरिकेत पोरांना घोडा हातात धरून दाखवायच्या स्पर्धा असतात, त्यात ती पहिल्यांदा शिकवतात. घोड्याचे मनातल्या मनात चार वाटे करायचे. एक रेघ नाकापासून शेपटीपर्यंत, दुसरी रेघ आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यावरून आडवी. पुढचे दोन वाटे, मागचे दोन वाटे. पंच पुढच्या वाट्यात आला की धरणाऱ्यानं पंचाच्या समोरच्या बाजूला जायचं. म्हणजे पंच डावीकडं पुढं असेल तर माणूस उजवीकडं. पंच मागच्या वाट्यात गेला की माणसानं पंच ज्या बाजूला आहे त्याच बाजूला यायचं. पंच उजवीकडं मागं, तर माणूसही उजवीकडं. संपलं. पंच घोड्याभोवती एक चक्कर मारतो, तेवढ्यात धरणारा तीनदा बाजू बदलतो, दोन-तीन पावलांत, घोड्याला न हलवता.

यात दोन कामं एकदम होतात. पंच पुढं असताना माणूस पलीकडं असतो, म्हणून त्याच्यामुळं झाकलं काही जात नाही. पंच मागं असताना माणूस त्याच बाजूला असतो, म्हणून घोडा बिघडलाच तर डोकं आपल्याकडं ओढलं की लाथ पंचापासून लांब जाते. आणि माणसाला घोडा आणि पंच दोघंही सतत दिसत असतात. आमच्या त्या तट्टवाला हे ठाऊक असतं तर त्या पोराच्या आईला रात्रभर दवाखान्यात बसायला लागलं नसतं.

उभं कुठं राहायचं तेही सांगतो, कारण "बाजूला" म्हटलं की काहीजण पार पोटाजवळ जाऊन उभे राहतात. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या पट्ट्यात, थोडं बाहेर, घोड्याकडं तिरकं तोंड करून. बरोबर समोर कधीच नाही. चालवताना आपला खांदा घोड्याच्या डोक्याच्या आणि मानेच्या मध्याच्या दरम्यान. पुढं जाऊन ओढायचं नाही, मागं राहून फरफटत जायचं नाही. मोठं वळण घ्यायचं असेल तर घोडा आपल्यापासून दूर वळवायचा. आपण डावीकडं असलो तर घोडा उजवीकडं वळतो, म्हणजे त्याचा पाय आपल्या पायावर पडत नाही. बागडोर उजव्या हातात, उरलेला दोर डाव्या हातात घडी करून. हाताला गुंडाळायचा नाही. नाही म्हणजे नाही. घोडा उधळला की गुंडाळलेल्या दोरात माणूस अडकतो आणि फरफटत जातो. चारा कापायच्या कुट्टी मशीनजवळ बाही सैल ठेवत नाही ना आपण? तसंच आहे हे.

आता खरी गोष्ट. सुरक्षेपेक्षाही मला जास्त राग येतो तो यातल्या फसवणुकीचा.

घोडा पुढच्या पायानं लंगडत असेल तर ते पायाकडं बघून चटकन कळत नाही. डोक्याकडं बघून कळतं. दुडकी चालीत, टणक जमिनीवर, दोर सैल सोडून पळवा. दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर उचलतो, आणि चांगला पाय टेकला की खाली सोडतो. जनावरांचा कुठलाही डॉक्टर हे पहिल्या वर्षात शिकतो. आता तोच घोडा दोन बाजूंनी दोन गड्यांनी आखूड धरला, तोंडात काटेरी कडी, मान आभाळाकडं. डोकं हलणार कसं? हलायला जागाच ठेवलेली नाही. बघणारा म्हणतो, "काय मान आहे राव!" आणि पाच-सहा लाख मोजून लंगडा घोडा घरी घेऊन येतो. पंधरा दिवसांनी दुखणं बाहेर येतं तेव्हा दलालाचा फोन लागत नाही.

मला कुणी सांगू नये की हे सगळं रुबाबासाठी चाललंय. काहींचं रुबाबासाठी असेल. काहींचं झाकण्यासाठी आहे. आणि आपले गिऱ्हाईक तरी काय बघतात? देवमण आहे का, भोवरा कुठं आहे, पंचकल्याणी आहे का. अर्धा तास भोवरे मोजतील, पण "दोर सैल सोड आणि शंभर पावलं पळवून दाखव" एवढं म्हणणार नाहीत. मी म्हणतो भोवरे बघा, श्रद्धा आहे तर खुशाल बघा. पण आधी पळवा.

आणि त्या काटेरी कडीबद्दल. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात काटेरी कडी, काटेरी काठी, टोकदार सामान वापरायला सरळ बंदी आहे. आज साठ वर्षं होत आली. बैलगाडा शर्यतीसाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडून आपण १८ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल मिळवला. तेव्हा सगळे म्हणत होते, आम्ही जनावराला पोटच्या पोरासारखं जपतो. मग घोड्याच्या तोंडातला काटा कुणाच्या पोराच्या तोंडात घालता? जी माणसं बारीक कडी आणि सैल दोर वापरून घोडा दाखवू शकत नाहीत, त्यांचा घोडा शिकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते रिंगणात आणायचं जनावर नव्हेच.

आता लहान घोड्यांकडं येतो, कारण सध्या सगळ्यात जास्त गोंधळ तिथं आहे.

गेल्या काही वर्षांत "मिनिएचर" शब्द आपल्याकडं फार स्वस्त झालाय. ठेंगणं तट्टू दिसलं की मिनिएचर. पायात घुंगरू, गळ्यात रिबन, शेजारी सेल्फीचे पैसे. आधी माप समजून घ्या. साधारण १४.२ हात, म्हणजे ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटरच्या आतला तो पोनी, असं जगभर धरतात. मिनिएचर ही त्याच्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. १९७८ साली स्थापन झालेली अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ३४ इंचांच्या वर घेत नाही, आणि ते माप आयाळीच्या शेवटच्या केसाजवळ घेतात. ३४ इंच म्हणजे आपल्या टेबलापेक्षा जरा उंच. भारतात नोंदलेल्या घोड्यांच्या जातींत मिनिएचर नावाची जात नाही. त्यामुळं कुणी "जातिवंत मिनिएचर" म्हणून विकत असेल तर कागद मागा. आणि दात बघा. वर्षाच्या आतलं शिंगरू मिनिएचर म्हणून गळ्यात मारल्याचं मी ऐकून आहे. दुधाचे दात पडून मधले पक्के दात यायला अडीच वर्षं लागतात, हे लक्षात ठेवलं तर फसायची वेळ येणार नाही. अर्थात धरणारा तोंडासमोरून हलला तर.

लहान घोडा दाखवताना माणसं दोन चुका करतात. पहिली, त्यावर ओणवं होतात. उंच माणूस, बुटका घोडा. मग वरून वाकून म्होरकी गालाजवळ धरायची आणि डोकं वर उचलायचं. बघायला वाटतं घोडा ताठ उभा आहे. खरं म्हणजे त्याची पाठ खाली जाते, मागचे पाय बाहेर पडतात, आणि चांगल्या बांध्याचा घोडासुद्धा खचलेला दिसतो. शिवाय तुमची हनुवटी बरोबर त्याच्या टाळूवर असते. त्यानं डोकं झटकलं की दात तुमचे जातात. लहान घोड्याला जास्त लांब दोर द्यायला लागतो. माणसानं हातभर आणखी मागं, तिरकं, सरळ पाठीनं उभं राहायचं, आणि हात खाली. घोड्यानं मान स्वतः उचलली पाहिजे, कानावर काहीतरी आवाज आला म्हणून, खुराकाच्या आशेनं, कशानंही. ओढून नव्हे.

दुसरी चूक जास्त वाईट आहे. "लहान आहे, काय करतंय?" म्हणून दोर पोराच्या हातात देतात. मोठ्या घोड्याची लाथ मोठ्या माणसाच्या मांडीला, कमरेला लागते. ३४ इंची घोड्याची लाथ मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागते. पाच वर्षांच्या पोराच्या ती पोटात बसते. लहान घोड्याच्या अंगात ताकद कमी नाही, फक्त ती खालच्या पातळीवर आहे, आणि त्या पातळीवर नेमकी लहान पोरं असतात. म्हणून माझं म्हणणं असं की वर सांगितलेली चार वाट्यांची शिस्त मिनिएचरला मोठ्या घोड्यापेक्षा जास्त कडक लावली पाहिजे. मोठ्या घोड्याआडून पंच दिसत नाही म्हणून तरी माणूस हलतो. लहान घोड्याच्या पाठीवरून सगळं दिसतं, त्यामुळं माणूस एका जागी खिळून राहतो आणि बाजू बदलायचं विसरतो. पोरांच्या हातात दोर द्यायला माझा विरोध नाही. द्या, पण आधी शिकवा, आणि मोठा माणूस हाताच्या अंतरावर असू द्या.

आता विरोधक. या नोंदीवर काय प्रतिक्रिया येणार ते मला आत्ताच माहीत आहे.

"ही परदेशी थेरं, आपल्या मारवाडी-काठेवाडीला चालत नाहीत." उभा कसा करायचा, चारी पाय चौकोनात की एकाआड एक दिसतील असे, यात जातीजातीत, देशादेशांत फरक आहे हे कबूल. मारवाडीची मान, आत वळलेले कान उठून दिसले पाहिजेत हेही कबूल. पण डोकं डावीकडं ओढल्यावर पुठ्ठा उजवीकडं जातो, हे राजस्थानात वेगळं आणि अमेरिकेत वेगळं नसतं. सारंगखेड्याला तापीच्या काठी, माळेगावला खंडोबाच्या जत्रेत, अकलूजच्या बाजारात उभे राहून बघा. जो जुना, मुरलेला मोतद्दार असतो तो समोर उभा नसतो. तो खांद्याजवळ असतो आणि त्याच्या दोराला झोळ असतो. समोर उभे असतात ते मालक.

परदेशाचं सोडा, आपल्या रानात बघा. आमच्या शिवारात ऊस तुटून गेला की दरसाल धनगर मेंढरं बसवायला येतात. बरोबर ओझ्याची घोडी. तळ हलतो तेव्हा घोडीवर भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी वर एक करडू. घोडी नेते ती बहुतेक वेळा घरची बाई. तिचा हात कुठं असतो? दोर सैल, ती मानेच्या बाजूला, घोडी तिच्या चालीनं. ट्रॅक्टर भसकन अंगावरून गेला तर ती बाई काय करते ते मी नीट बघून ठेवलंय. ती रस्त्याच्या बाजूला येते आणि डोकं आपल्याकडं घेते. पुठ्ठा शेताकडं. रस्त्याकडं कधीच नाही. चार वाटे, परदेशी पद्धत वगैरे तिला कुणी सांगितलेलं नाही. ज्याला रोज जनावर न्यायचं असतं आणि ज्याचा संसार त्या जनावराच्या पाठीवर असतो, त्याला ही अक्कल येतेच.

त्याच धनगरांच्या घोड्यांना, भीमथडीला, आता देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे. मराठ्यांच्या घोडदळात नाव कमावलेला घोडा, मधल्या काळात "गावठी तट्टू" म्हणून हिणवला गेलेला. नोंद झाली, चांगलं झालं. पण पुढं काय? जात टिकवायची तर निवड करायला लागते. निवड करायची तर पाय, खूर, चाल, पाठ बघायला लागते. भीमथडी उंचीला मारवाडीसारखा नाही, वळणदार कान नाहीत. त्याचं सगळं भांडवल पायात आणि दमात आहे. अशा घोड्याला मान ताणून, डीजेवर नाचवून दाखवलं तर तो मारवाडीपुढं फिका पडणारच, आणि मग कुणीतरी शहाणा त्याला उंची आणण्यासाठी भलताच वळू लावणार. खिलारची आणि गावरान म्हशीची जी गत आपण डोळ्यांदेखत बघितली, तीच परत. म्हणून म्हणतो, हा उभं राहण्याचा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नाही.

"आमचा घोडा शांत आहे, त्याला काही लागत नाही." शांत असेल तर सैल दोरावर दाखव की बाबा. अडचण काय आहे?

पशुधन अधिकारी, कृषी सहायक, कॉलेजची मंडळी ही नोंद वाचतात हे मला ठाऊक आहे. पंच म्हणून तुम्हालाच बोलावतात. तुम्हाला थेट बोलतो, राग नका मानू. शालीचा सत्कार घेऊन, खुर्चीत बसून, पंधरा फुटांवरून घोड्याला नंबर देणं थांबवा. उठा, पूर्ण चक्कर मारा. जो धरणारा समोरून हलत नाही त्याचे गुण कापा आणि का कापले ते माईकवरून सांगा. एका प्रदर्शनात दोघांचे कापले की पुढच्या प्रदर्शनात वीसजण शिकून येतील. काटेरी कडी दिसली तर रिंगणाबाहेर काढा, मालक कितीही मोठा असला तरी. तुमच्या हातात कायदा आहे, आमच्या हातात नुसता मोबाईल.

आयोजकांसाठी खर्च काही नाही. कबड्डीच्या मैदानाला मारतो तशी फक्की मारून दोन चौकोन आखा. आतल्या चौकोनात घोडा, धरणारा आणि पंच, दुसरं कुणी नाही. बाहेरच्या चौकोनापलीकडं बघे, मध्ये किमान पंधरा-वीस फूट रिकामं, आणि पोरं पुढच्या रांगेत नकोत. एका बाजूला शंभर पावलांची सरळ, टणक पट्टी सोडा, घोडा जाताना मागून आणि येताना पुढून दिसेल अशी. डीजे त्या पट्टीच्या टोकाला लावू नका. लहान घोड्यांचा गट वेगळ्या वेळेला ठेवा, वळू घोडे रिंगणातून गेल्यावर.

आमच्या भागात ज्यांच्याकडं तट्टू किंवा घोडी आहे त्यांनी रविवारी सकाळी सातला मळ्यात या. फक्की मी आणून ठेवतो. जनावर आणलं तर साधी म्होरकी आणि आठ-दहा फूट दोर आणा. काटेरी कडी घरीच ठेवा.